पोरीचं दूध

मुलगी पाच महिन्यांची असताना राहिलेल्या लसीसाठी तिला घेऊन दवाखान्यात गेलो, तर तिथं स्तनपानावर भाषण चाललेलं. सासू सोबत होती. तिनं पुढची खुर्ची धरली. डॉक्टरीण बाई सांगत होत्या, आईच्या दुधानं बाळ कमी आजारी पडतं, आईच्याही जिवाला ते चांगलं. सासू मान डोलवत होती. मग बाई ओघात म्हणाल्या, पूर्ण अंगावर पाजणाऱ्या बाईला सुरुवातीचे महिने सहसा लवकर दिवस जात नाहीत, पण त्यावर विसंबू नका. तिथं सासूची मान थांबली.

बेसाला घरी परतताना ऑटोतच तिनं विचारलं, "पाळी आली का वं तुले?"

"नाही अजून."

"मंग तोड दूध. पोरीच्या मागं किती दिवस घालवशीन? नातू पाहाचा हाय मले."

मी गप्प बसणारी नाही. घर डोक्यावर घेतलं. नवरा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "आई म्हणून राहिली तं ऐक ना. डब्याचं दूध आणतो मी." मोठा दानशूर कर्णच!

दुसऱ्या दिवशी सासू कडुनिंब वाटून घेऊन आली. माझ्या गाऊनची बटणं तिनंच काढली आणि वांग्यात मसाला भरावा तसा तो लेप दोन्हीकडे चोपडला. मुलगी भुकेनं झेपावली, तोंड लावलं आणि असा चेहरा केला की सासू खदखदून हसली. मी जाऊन धुऊन आले, तोवर तिनं पोरीला बाटली लावली होती. मी धुवायची, ती पुन्हा लेप लावायची. शेवटी मुलगी मला बघून तोंड फिरवू लागली. ते मला सर्वांत जास्त लागलं.

छातीचा दगड झाला, ताप भरला. दूध पिळून बेसिनमध्ये सोडताना मी सासूला शिव्या घालायची, तिला ऐकू जातील अशा. बाटलीच्या दुधानं मुलीला जुलाब लागले, अंगावरचं मांस उतरलं. कशीबशी वाचली. मी स्वतःची समजूत घातली, म्हातारी अडाणी आहे, ते भाषण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे मुलगा झाला. दवाखान्यात नवऱ्याला मी मुद्दाम म्हटलं, "याच्यासाठीही डबा आणा."

सासू अंगावर धावून आली. "येडी झाली का वं? पयले चीक पाज त्याले. सहा महिने पाणीबी नाही द्याचं. मंग खाणं सुरू केलं तरी दोन वर्षं अंगावर पाज. लेकरू बिमार नाही पडत. तुलेबी छातीच्या कॅन्सरचं भेव कमी राहते."

डॉक्टरीण बाईंचा एक शब्द तिनं सांडला नव्हता. अडाणी समजून मी तिला उगाच माफ करत आले होते. पोरीसाठी कडुनिंब वाटताना तिला हे सगळं ठाऊक होतं.