वसुधाताईंना थकू द्या

डॉ. वसुधाताई सामंतांची आणि माझी पहिली भेट पहाडगंजच्या मराठी शाळेत, गणपतीच्या पंगतीत झाली. मी नर्स आहे, नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूरहून आलेय, एवढं कळताच त्यांनी वाढता वाढता सांगितलं की त्यांच्या दवाखान्यात कंत्राटी जागा निघाली आहे. पगार बेताचा, काम मात्र पोटभर. पुढे मी मयूर विहारच्या त्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले.

ताईंची शिस्त कडक. लसीच्या पेटीचं झाकण उघडं दिसलं, की ज्या मुलीची चूक तिची बिनपाण्यानं होई. पण तीच मुलगी डबा न आणता आली, तर आपली थालीपीठं तिच्यापुढे सरकवत आणि वर दटावत, की मुकाट्यानं खा.

महासाथीच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयातल्या मृत्यूची बातमी घरच्यांना कळवणं आमच्या गळ्यात पडलं. आमच्यातली एक मुलगी असा पहिलाच फोन करून उठली, ती बेसिनशी जाऊन ओकली. ताईंनी त्याच दिवशी ठरवलं, हे फोन फक्त त्याच करतील. बातमी देण्याआधी त्या विचारत, "आपके पास इस वक्त कौन बैठा है?" कुणीच नसेल, तर शेजाऱ्याला दाराशी बोलवायला लावत, तो येईपर्यंत फोनवर थांबत आणि मगच सांगत. समोरचा हंबरडा फोडी, कधी शिव्या देई. ताई सगळं ऐकून घेत आणि पुढचा नंबर लावत.

लाट ओसरली. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या लेकीचा पुण्याहून फोन आला. तिला दिवस गेले होते. "आई, एक बातमी आहे," एवढंच ती म्हणाली, आणि ताई दवाखान्यातल्या त्याच कोरड्या आवाजात बोलून गेल्या, "आपके पास इस वक्त कौन बैठा है?" लेक घाबरून रडू लागली. ताईंनी फोन यजमानांच्या हातात दिला. तेव्हापासून घरी त्या फोन घेत नाहीत. नात आता बोलते, पण तिचे बोबडे बोलही यजमानच ऐकतात.

ताईंनी रजा मागितली, तर शाल आणि मानपत्र मिळालं, रजा नाही. आता साठी झाली, निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत म्हणून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला आहे, तर वरचे म्हणतात, तुमच्यासारखं माणूस कुठून आणायचं, थांबा अजून. राग येतो हो! त्यात ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्या लेखाला 'अथक सेवा' हे शीर्षक सुचवलं. दमलेल्या बाईला अथक म्हणायचं, म्हणजे तिला बसायला खुर्ची न देण्यासारखंच आहे. मला ते जमणार नाही.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. गौरवग्रंथाबद्दल सांगितलं, सगळे तुम्हाला दीर्घायुष्य चिंतताहेत म्हटलं. ताई म्हणाल्या, "आयुष्याचं राहू दे गं. मला झोप लागत नाही, त्याचं कुणी काही करतंय का?" मला फार वाईट वाटलं.

ताई, तुमचा अर्ज मंजूर होवो आणि तुम्हाला गाढ झोप लागो. शतायुषी व्हा, असं मी त्यानंतरच म्हणेन.