मुनशीबाबूंची पौर्णिमा

आम्ही कलकत्त्यात होतो तेव्हा हावड्यापलीकडच्या एका खेड्यात ऑफिसच्या पिकनिकला गेलो आणि नंबर लावून मिळालेली माझी स्कूटर चोरीला गेली. विमा कंपनीला पोलिसांतल्या नोंदीची नक्कल हवी होती, म्हणून तिथल्या ठाण्यात माझे खेटे सुरू झाले.

नकला लिहायचे मुनशीबाबू. एरवी पोलीस, पूजेच्या दिवसांत गावच्या नाटकात राजा. राजाचा आवाज मात्र बारमाही. "नक्कल मिळेल मोशाय, आधी चहा घ्या!" हे दर खेपेला गरजून सांगायचे.

अखेर नक्कल झाली. ती अर्जदाराला वाचून दाखवायची तिथे रीत होती. मुनशीबाबू उभे राहिले, शाल सावरली आणि कडाडले, "ती पौर्णिमेची रात्र! बिचारी स्कूटर वडाखाली एकटी!"

चोरी दुपारची, पण नक्कल हातची जाईल म्हणून मी हसू दाबून गप्प बसलो. हवालदारांनी तर डोळे टिपले.

कोठडीत भलत्याच गुन्ह्यासाठी आणलेला एकजण होता. त्याला राहवेना. "कसली रात्र, बाबू? भर दुपार होती!"

चोर सापडला होता, पण मुनशीबाबूंचा चेहरा पडला.

"ते असू दे रे," ते गजांजवळ जाऊन म्हणाले, "पण रात्रच शोभते की नाही?"