दगडूनानांच्या गाण्यांची रांग

"ताई, गाणी सगळी आहेत. पण मला एकही सापडत नाही," दगडूनाना म्हणाले आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. शनिवारची सकाळ होती. मी नुकतंच दुकानाचं शटर वर केलं होतं, अजून झाडूही फिरला नव्हता.

मी मनात म्हटलं, झालं सुरू. सुरतेत पर्वत पाटियाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं हेच करते आहे. नवीन कॉम्प्युटर दिला की चौथ्या दिवशी गिऱ्हाईक येतं आणि "सगळं गेलं" म्हणतं. बहुतेक वेळा काहीही गेलेलं नसतं. आयकॉन डावीकडचा उजवीकडे गेलेला असतो, एवढंच.

"आहेत ना सगळी? मग सापडतील. चहा सांगते."

"चहा नको ताई. परवा सोमवार. कानबाई निघणार."

आता कानबाईचं सांगायला हवं. ही खानदेशी घरांतली देवी. श्रावणात रविवारी घरात बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जनाला निघते. सुरतेत मागांवर काम करायला आलेल्या खानदेशी कुटुंबांच्या वस्त्यांमध्ये त्या दोन दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. मी मूळची सोलापूरची. वडील इथल्या मराठी शाळेत मास्तर होते. मला कानबाई ठाऊक होती ती शेजारून येणाऱ्या प्रसादाच्या रोटांपुरती, आणि ते रोटही मी मिटक्या मारत खाल्लेत.

दगडूनानांनी तीस वर्षं माग चालवले. गुडघे बोलायला लागले तसं ते सोडलं आणि साउंडचा धंदा सुरू केला. एक टेम्पो, दोन मोठे स्पीकर, एक मिक्सर आणि एक कॉम्प्युटर. लग्नं, हळदी, वाढदिवस सगळं करतात. पण त्यांचं खरं काम वेगळंच आहे. कानबाईची गाणी जुन्या बायकांना येतात, नव्या सुनांना येत नाहीत, हे त्यांच्या फार पूर्वी लक्षात आलं. मग दर श्रावणात एक छोटा रेकॉर्डर घेऊन ते घरोघरी जायला लागले. म्हातारी ओट्यावर बसून गाणार, हे रेकॉर्ड करणार. त्यातून त्यांच्या वस्तीत एक रीत पडली. सोमवारी ज्या घरातून कानबाई निघते, त्या दारात नानांचा टेम्पो थांबतो आणि त्याच घरच्या बाईच्या आवाजातलं गाणं लागतं. काही बाया आता हयात नाहीत. आवाज आहे.

अशी दोनशे चौदा रेकॉर्डिंग. त्याला आमच्या भाषेत म्युझिक लायब्ररी म्हणतात. म्हणजे एक तर गाण्यांच्या फाइली, आणि दुसरं म्हणजे त्या फाइलींची सॉफ्टवेअरने ठेवलेली यादी. ही दोन वेगळी आहेत हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून हे सगळं रामायण झालं.

नानांच्या मिक्सरचं नवीन सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर चालेना. म्हणून नवीन कॉम्प्युटर, नवीन विंडोज, नवीन सॉफ्टवेअर. गाण्यांचा फोल्डर मी इकडून तिकडे कॉपी केला. दोन्हीकडे मोजणी केली. इकडे दोनशे चौदा, तिकडे दोनशे चौदा. वर कुणी न सांगता एक आगाऊपणा केला. काही रेकॉर्डिंगचा आवाज बारीक होता, काहींचा मोठा. मी एका टूलने सगळ्यांचा सारखा करून दिला. नाना खूश झाले. जुना कॉम्प्युटर मी फॉरमॅट केला, त्यावर विंडोज नव्याने टाकलं, आणि नानांनी तो कडोदऱ्याला त्यांच्या ओळखीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात देऊन टाकला.

आता मी नानांचा नवीन कॉम्प्युटर उघडला. स्क्रीनवर ओळीने नावं होती. REC001. REC001 (2). REC001 (3). असं बारापर्यंत. मग REC002, त्याचेही तेवढेच भाऊबंद. रेकॉर्डरचं कार्ड रिकामं केलं की तो पुन्हा एकपासून मोजायला लागतो, आणि नानांनी आयुष्यात एकाही फाइलला नाव दिलं नव्हतं.

"नाना, यातलं कुठलं कुणाचं, हे तुम्ही ओळखायचात कसं?"

"जागेवरून."

"म्हणजे?"

"कारखान्याच्या खात्यात माझ्याकडे बारा माग होते, ताई. मागाला कुणी नाव ठेवतं का? दारातून शिरलं की डावीकडचा तिसरा धागा तोडतो, खिडकीखालचा गरम होतो. अंधारातही हात बरोबर जायचा. ही गाणी तशीच. जसजशी आली तशी रांगेत बसली. शहात्तरावं कुणाचं विचारा, झोपेत सांगेन. आता तुम्ही सगळे माग उचलून दुसरीकडे मांडले ना."

 जुनं सॉफ्टवेअर गाणी लावायचं ती 'कधी जोडलं' त्या तारखेने. पहिलं जोडलेलं पहिलं. ती तारीख गाण्यात नसते, यादीत असते. यादीची फाइल गाण्यांच्या फोल्डरमध्ये नव्हती, दुसऱ्याच ठिकाणी होती, आणि मी ती उचललीच नव्हती. नव्या सॉफ्टवेअरने सगळी गाणी एका दिवशी आली असं धरलं आणि नावाप्रमाणे लावून टाकली.

तरी एक वाट असते. प्रत्येक फाइलवर ती शेवटची कधी बदलली याची तारीख असते, आणि कॉपी केली तरी ती सहसा टिकते. मी घाईघाईने तो कॉलम उघडला. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा फाइलींवर गेल्या मंगळवारची तारीख. आवाज सारखा केला होता ना मी! त्या टूलने प्रत्येक फाइल नव्याने लिहिली होती. माझा शहाणपणा मलाच नडला.

"नाना, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलेलं नाही."

ते स्क्रीनवरची नावं खाली सरकवून बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ऐकून ओळखता येणार नाहीत?"

"निम्मी येतील. गाणी तीच, ढोलकी तीच, म्हाताऱ्यांचे आवाजही एकमेकींसारखे. निम्म्यांत चुकेन. आणि रेखाचं काय करू?"

रेखा म्हणजे त्यांच्या गल्लीतली सून. तिची सासू शेवंताबाई होळीच्या आधी गेली. ही तिची सासूशिवायची पहिली कानबाई. घरात गाणं येणारं आता कुणीच नाही. नानांनी तिला शब्द दिला होता की देवी निघेल तेव्हा सासूचाच आवाज असेल. शेवंताबाईचं रेकॉर्डिंग एकच होतं. आणि पलीकडच्या गल्लीत तिची सख्खी बहीण, दोघींचा आवाज हुबेहूब.

"रेखाच्या दारात दुसऱ्याच घरची बाई गायली तर मी तोंड कुठे दाखवू?" नाना म्हणाले, आणि मग एकदम घरच्या बोलीत, अहिराणीत शिरले. "आते कसं करू माय मी?"

मी शटर खाली ओढलं. "टेम्पो आणलाय ना? चला कडोदऱ्याला."

जाताना त्यांना समजावून सांगितलं. डिस्क फॉरमॅट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच असतात. पण त्या पानांवर कुणी नवीन लिहायला घेतलं की जुनं पुसतं. मी त्यावर विंडोज टाकलं होतं, म्हणजे काही पानं मीच पुसली होती. वर ऑफिसवाले तीन दिवस ती वापरत होते. यादीची ती एक बारकी फाइल कुठल्या पानावर होती, देव जाणे. जुन्या पद्धतीची फिरणारी डिस्क होती, एवढं एक बरं होतं. नव्या डिस्कमध्ये पानंही राहत नाहीत.

"म्हणजे मिळेल का नाही?" नानांनी विचारलं.

"माहीत नाही."

ट्रान्सपोर्ट ऑफिसचे मालक कांतिभाई. बाहेर तीन ट्रक लागलेले, आत साड्यांच्या पार्सलांचा ढीग, आणि आमचा कॉम्प्युटर बिल्टी काढायच्या कामाला जुंपलेला. बिल्टी म्हणजे मालाची पावती, ती असल्याशिवाय ट्रक हलत नाही.

"कांतिभाई, हा बंद करायला लागेल. आत्ता."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं जेवणाचं ताट ओढून घेतलंय. "बेन, मारी गाडीओ ऊभी छे. सांजे आवजो."

संध्याकाळपर्यंत आणखी शंभर बिल्ट्या लिहिल्या जाणार होत्या. मी पिशवीतून माझा दुकानातला लॅपटॉप काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. "तुमचं बिल्टीचं काम इंटरनेटवरच चालतं ना? यावर करा. प्रिंटर जोडून देते. पाच मिनिटं."

"ने न चाल्युं तो?"

"नाही चाललं तर मी हाताने बिल्ट्या लिहीन."

ते हसले आणि अक्षर तरी चांगलं आहे का विचारलं. "अक्षर सारा छे तमारा?"

प्रिंटर चौथ्या मिनिटाला चालला. मी जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, डिस्क काढली, माझ्या दुसऱ्या लॅपटॉपला लावली आणि गेलेल्या फाइली शोधायचं सॉफ्टवेअर सुरू केलं. ऑफिसच्या मागच्या खोलीत, पार्सलांच्या मधोमध, मी एका स्टुलावर आणि नाना एका गठ्ठ्यावर.

सव्वातीन तास लागले. दरम्यान कांतिभाईंनी दोनदा चहा पाठवला. शोध किती झाला ते दाखवणारी एक हिरवी पट्टी स्क्रीनवर सरकत होती, नाना टक लावून तिच्याकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, बघून ती लवकर सरकत नाही. ते म्हणाले, मागही बघून लवकर चालत नाही, पण नजर हटली की धागा तुटतो.

शेवटी हजारो फाइली वर आल्या, सगळ्या बिननावाच्या. एकेक उघडत बसले असते तर दिवाळी आली असती. पण यादीची ती फाइल साध्या मजकुराची असते, आणि तिच्यात गाण्यांची नावं असणारच. म्हणून मी सगळ्या फाइलींच्या पोटात एकच शब्द शोधायला लावला, REC001. नानांनी नाव न बदलण्याचा जो आळस केला, तो इथे कामी आला.

चार फाइली सापडल्या. पहिली अर्धी पुसलेली. दुसरी पूर्ण कचरा. तिसरीत फक्त पंधरा गाणी. चौथी उघडली आणि ओळीमागून ओळ वाहायला लागली, प्रत्येक गाण्याचं नाव, शेजारी जोडल्याची तारीख.  

मग फाइलीची स्वतःची तारीख पाहिली. यादी चार महिने जुनी होती. सॉफ्टवेअर अधूनमधून यादीची एक प्रत करून ठेवतं, त्यातली ही कुठली तरी.

"नाना, ही जुनी आहे. त्यानंतर किती रेकॉर्डिंग केलीत?"

"त्यानंतर? ताई, मी फक्त श्रावणात करतो. गेल्या श्रावणानंतर एकही नाही."

म्हणजे पूर्ण होती. खाली मोजणी पाहिली, दोनशे चौदा, एकही गाणं कमी नव्हतं. मी एवढ्या जोराने टाळी वाजवली की कांतिभाई आत डोकावले.

मी तारखांप्रमाणे रांग लावली. आता परीक्षा. गाण्यांची एक प्रत मी सोबत आणली होती. नानांनी डोळे मिटले.

"शहात्तरावं लावा. आधी कुत्रं भुंकेल."

लावलं. कुत्रं भुंकलं.

"एकशे बारा. मध्येच कुकरची शिट्टी होईल, आणि बाई थांबणार नाही."

शिट्टी झाली. बाई थांबली नाही.

"एकशे एकोणनव्वद."

या वेळी त्यांनी काय येईल ते सांगितलं नाही. एक जाडाभरडा, ठाम आवाज गायला लागला. नाना ऐकत राहिले आणि उपरण्याने डोळे पुसले. "शेवंता," एवढंच म्हणाले. दारात उभे असलेले कांतिभाई, ज्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, तेही गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. बाहेर ट्रकवाला हॉर्न मारत होता.

तिथेच बसून मी प्रत्येक फाइलच्या नावाआधी तिचा रांगेतला आकडा घातला. 001 ते 214. आता सॉफ्टवेअर बदलो, कॉम्प्युटर बदलो, रांग हलणार नाही. मी उत्साहाच्या भरात म्हटलं, "नाना, घरांची नावंही टाकू या का?"

"नको ताई. आकडा बास. तुम्ही आता आणखी काही चांगलं करू नका."

हे मी गुमान ऐकलं. मला तेवढं बोलायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. डिस्क परत बसवून कांतिभाईंचा कॉम्प्युटर सुरू करून दिला. त्यांच्या तिन्ही गाड्या तोवर निघाल्याही होत्या.

सोमवारी सकाळी नवरा म्हणाला, आज दुकान नाही? मी म्हटलं, आहे, पण आधी माझं काम बघून येते.

गल्लीत हा गुलाल, ही गर्दी. डोक्यावर देवी घेतलेल्या बायका एकेका दारातून बाहेर पडत होत्या आणि नानांचा टेम्पो दर दारापुढे थांबत होता. एकही चूक नाही. रेखाचं दार आलं. ती उंबऱ्यात उभी होती, डोक्यावर कानबाई, चेहरा घट्ट. नानांनी मिक्सरकडे पाहिलंही नाही, बोट बरोबर गेलं.

सासूचा आवाज गल्लीभर पसरला.  दोन ओळी झाल्या आणि रेखाचे ओठ हलायला लागले. आधी पुटपुटणं, मग आवाज. पूर्ण गाणं तिला पाठ होतं. शेजारीण म्हणाली, "हाई कधी शिकनी व?" रेखा गात गातच उंबरा ओलांडून पुढे निघाली. नानांनी टेम्पोतल्या पेटीतून तो जुना रेकॉर्डर काढला आणि तिच्या मागे चालत चालत सुरू केला. दोनशे पंधरावं.

माझ्या दुकानाच्या जॉबकार्डवर आता एक ओळ जास्त आहे. नाव, फोन, मशीन, तक्रार, आणि त्याखाली: 'यात हवं ते तुम्ही कसं शोधता?' गिऱ्हाइकं आधी वैतागतात, काय बाई विचारते म्हणून. मग दहा मिनिटं सांगत बसतात. मी पेन घेऊन ऐकते, आणि ते थांबेपर्यंत माउसला हात लावत नाही.