मामांनी थांबवलेला नावाडी

हलणारी कोणतीही गोष्ट माझ्या बायकोच्या मामांना मनापासून मान्य नव्हती. वाऱ्यावर उडणारा पडदा, हातवारे करत बोलणारा माणूस, पाळण्यातलं मूल, फार काय, घराखालून वाहणारी गंगासुद्धा त्यांना अंमळ उतावळी वाटायची. बनारसच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. समोरच्या वस्तूनं चित्र पुरं होईपर्यंत मुकाट बसावं, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती आणि जगानं ती कधी पुरी केली नाही. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर. चार पिढ्या काशीत मुरल्यामुळे मराठी बोलता बोलता मधेच हिंदीवर पाय घसरायचा. बँकेनं माझी बदली तिकडे केली, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी माझी हनुवटी धरली. "जावईबापू, तुम्ही मान फार हलवता. जरा ठहरा, मला तुमचं नाक नीट बघू द्या."

त्यांच्याबरोबर व्हिडिओ पाहणं ही तपश्चर्या होती. आमच्या लग्नाची दोन तासांची कॅसेट पाहायला आम्हाला तीन रविवार लागले. मामा दर मिनिटाला बटण दाबून चित्र थांबवत, आणि ते बिचारं थंडी भरल्यासारखं थरथरत, पांढरे पट्टे सोडत उभं राही. मंगलाष्टकांच्या वेळी मी एक जांभई दिली होती. नेमकं तिथे त्यांनी मला पंधरा मिनिटं तिष्ठत ठेवलं. "चालत्या चित्रात ही जांभई दिसली होती कुणाला? चित्र थांबलं की बिलकुल खरं बोलतं." आतून मामी म्हणाल्या, "हो, आणि चहा थांबला की गार होतो. या आता." मग थांबलेल्या चित्रांचा संग्रह करायचा म्हणून त्यांनी टीव्हीचेच फोटो काढायला घेतले. पहिला अख्खा रोल धुऊन आला, तेव्हा प्रत्येक फोटोत काचेवर उमटलेला फ्लॅशचा गोळा होता, त्यामागे डोळा मिटलेले मामा आणि त्यांच्यामागे कपाळाला हात लावलेल्या मामी. नातेवाइकांत ते फोटो फार आवडीनं पाहिले गेले. मामांना मात्र त्याचं खरोखर दुःख झालं होतं. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मामांच्या वरच्या खोलीत संस्कृत शिकायला आलेला एक परदेशी भाडेकरू तीन वर्षं राहिला होता. परत जाताना तो आपला संगणक मामांना देऊन गेला. त्यात डीव्हीडी लावायची सोय होती, आणि बनारसमध्ये तेव्हा ती फार थोड्या घरांत असेल. काही महिन्यांनी त्यानं टपालानं एक तबकडीही पाठवली. त्याच्या मित्रांनी घाटांवर काढलेला माहितीपट होता तो. मामांनी तबकडी लावली, चित्र थांबवलं, आणि ते थांबलं! ना थरथर, ना पट्टे. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला बँकेत फोन करून सांगितलं, "जावईबापू, थांबलं."

पण पडद्यावर थांबलेलं चित्र कागदावर आणणं वेगळं. भाडेकरूनं शिकवून ठेवलं होतं त्याप्रमाणे मामांनी कळ दाबून पडद्याची नक्कल घेतली आणि संगणकातल्या चित्रं रंगवायच्या खिडकीत चिकटवली. घाट लख्ख दिसला. त्यांनी ते फ्लॉपीवर घेतलं आणि आम्ही दोघं रिक्षानं गोदौलियाच्या छपाईवाल्याकडे गेलो. यंत्रातून हळूहळू कागद बाहेर आला. काळाकुट्ट. दुकानदारानं तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि अदबीनं विचारलं, "मास्टर साहब, अमावस का फोटो है का?" घरी येऊन पाहिलं तर चित्र पुन्हा जागच्या जागी. तबकडी बंद केली की काळं, चालू केली की घाट. आठवडाभर मामा त्या काळ्या चौकोनासमोर बसून राहिले.

एरवी ही नेहमीसारखी हौस म्हणून विरून गेली असती. पण त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस घाटावरचा बसंत नावाडी तापानं चार दिवसांत गेला. पंचविशीतला पोरगा. त्याची आई घाटावर फुलं-दिवे विकायची. माहितीपटात बसंत क्षणभर दिसतो हे मामींच्या तोंडून तिला कळलं होतं. ती गल्ली चढून आली आणि उंबऱ्यातच बसली. "मास्टर साहब, हमरे बसंता क एक ठे फोटो निकाल दा. घरे एक्को फोटो नाहीं हौ."

पोराचा एकही फोटो तिच्या घरात नव्हता. त्याच दुपारी मामांनी भाडेकरूला पत्र लिहिलं. उत्तर यायला महिना लागला, आणि तेवढ्या दिवसांत बसंतची आई कधी विचारायला आली नाही, हेच त्यांना जास्त लागलं. उत्तरात लिहिलं होतं की चित्र पडद्यावर परस्पर जातं, संगणकाला स्वतःला ते दिसतच नाही. संगणकाच्या मांडणीत अमुक ठिकाणी एक सरकता काटा आहे, तो पार डावीकडे ओढा, म्हणजे दिसेल. मामांनी काटा ओढला. माहितीपट लगेच अडखळत, धापा टाकत चालू लागला. "आता कसा शिस्तीत चालतोय," मामा म्हणाले. नक्कल घेतली, तबकडी बंद केली, आणि चित्र राहिलं.

बसंत एकूण तीन सेकंद दिसायचा. बांबूनं नाव पायरीपासून लोटतो, वळतो, कुणाला तरी ओरडून काही सांगतो, संपलं. मामांनी ते तीन सेकंद एकेक चित्र करून पाहिले. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. कुठे डोळे मिटलेले, कुठे हात आडवा आलेला, आणि जिथे तो वळत होता तिथे चेहऱ्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते. त्यातल्या त्यात एकच चित्र बरं होतं, पण त्यातही तोंड उघडं, जबडा फरकटलेला. मामा चित्रकलेचे मास्तर. त्यांनी ठिपक्याला ठिपका जोडून ते दुरुस्त करायला घेतलं. दाते भरले, ओठ मिटवले, नजर सरळ केली. आठ दिवस खपून असा शांत, देखणा नावाडी तयार केला की मीसुद्धा म्हणालो, "मामा, वा!"

बसंतच्या आईला बोलावलं. तिनं ओल्या हातांनी कागद धरू नये म्हणून आधी पदराला हात पुसले, मग फोटो घेतला आणि बराच वेळ पाहिला. "बहुत नीक हौ," ती कौतुकानं म्हणाली. मग संकोचून, मास्तरांना वाईट वाटू नये अशा बेतानं तिनं विचारलं, "बाकी ई के हौ?"

हा कोण, असं ती विचारत होती. मामांनी खुर्ची ओढली, यंत्र चालू केलं आणि दुरुस्तीच्या आधीचं चित्र तिच्यापुढे ठेवलं. दात्यांचं, उघड्या तोंडाचं, फरकटलेलं. तिनं पडद्यावर तळवाच ठेवला. "ई हौ! ई हौ हमार बसंता! हमहीं के चिल्लात हौ, 'माई, हट, गोड़ फँसी!'" दोरात पाय अडकेल म्हणून तो आईवरच ओरडत होता. त्या दिवशी ती चित्राच्या चौकटीबाहेर, दोन हातांच्या अंतरावर उभी होती. हसत हसत ती हे सांगत होती, आणि सांगता सांगता रडू लागली. मामी तिच्याजवळ जाऊन बसल्या.

ते चित्र जसंच्या तसं छापलं गेलं. मामा स्वतः खिळा आणि हातोडी घेऊन घाटाच्या खालच्या बाजूला तिच्या खोलीत गेले. सत्तरीतला माणूस, पण मला हात लावू दिला नाही. बसंतचा फोटो भिंतीवर लागला, तिनं झेंडूची माळ घातली, आणि आम्ही पायऱ्या चढू लागलो.

मधल्या एका पायरीवर मामा दम घ्यायला थांबले.

"जावईबापू," ते म्हणाले, "तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांतली नाकं-डोळे दुरुस्त केले. कुणी बापाला काढायचं, कुणी आजीला. मी लाल पेन्सिलनं सरळ करून द्यायचो. पोरं कागद घेऊन चुपचाप जागेवर जायची." त्यांनी हातोडी या हातातून त्या हातात घेतली. "एकानंही विचारलं नाही रे, की मास्टर साहब, ये कौन है?"

मी त्यांचा हात धरला. या खेपेस त्यांनी तो धरू दिला.