होईलकाकांचं पेडल

इमारतीतच राहणाऱ्या वायरमनला सगळे 'होईलकाका' म्हणायचे. कोणाचा पंखा बंद पडो, कोणाची बेल मुकी होवो, काका शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "होईल." आणि व्हायचंही. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई तर म्हणायच्या, काकांचा 'होईल' म्हणजे झालंच समजा. डॉक्टरीणबाई काकांच्या घरात राहत नव्हत्या, म्हणून त्यांना असं वाटायचं. काकांच्या गॅलरीतला दिवा कधी गेला हे आता कोणालाच आठवत नव्हतं आणि बाथरूमचं बटण खालून ढकलून धरावं लागायचं. बायकोने त्यावर बोलणं सोडून दिलं होतं. ती टॉर्च हाताशी ठेवायची.

मुलगी कॉलेजात होती. तिच्या अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा तिने बाबांना सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि मग सांगायचं थांबवलं. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे एकदा ते होल्डर आणायला विजेच्या दुकानात गेले, तर दुकानदार हसत म्हणाला, "तुमच्या मुलीचा दिवा दुरुस्त होऊन पडलाय. तुम्हीच नेता का?"

काकांनी मान खाली घालून दिवा घरी आणला. मुलगी "थँक्यू" म्हणाली, पण कुरिअरवाल्याला म्हणावं तसं. त्या दिवसानंतर तिने त्यांच्याकडे काहीही मागितलं नाही. काकांना हे फार लागलं. मात्र त्यावर काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं, कारण न मागितलेल्या गोष्टीला 'होईल' तरी कसं म्हणणार?

मुलगी कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायची. गिटार आणि स्पीकर यांच्या मध्ये जमिनीवर एक डबी ठेवतात. पायाने तिचं बटण दाबलं की साधा सूर एकदम दाट, खरखरीत होतो. तिला पेडल म्हणतात. मुलगी मैत्रिणीचं पेडल वापरायची, आणि मैत्रीण नेमकी कॉलेज बदलून गेली होती, पेडलसकट. कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. जेवताना मुलगी हे सगळं आईला सांगत होती. "शेवटचं गाणं त्याच्याशिवाय अगदीच मिळमिळीत होणार गं."

"मी करून देतो," काका म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा, ते पंख्यासारखं नसतं."

"आत वायरीच असतील ना?"

मुलगी म्हणाली, "बरं. पण नाही जमलं तर वेळेवर सांगा. आम्ही गाणं बदलू." ती रागावली असती तर काकांना चाललं असतं. तिने आधीच सोय करून ठेवली, हे त्यांना टोचलं.

मुलीने मोबाइलवर जोडणीची आकृती शोधून दिली आणि काका कामाला लागले. उभा जन्म विजेत गेलेला माणूस, पण इथे त्यांची अवस्था पहिल्यांदा पोळी लाटणाऱ्यासारखी झाली. जाड वायरींवर चालणारं त्यांचं सोल्डरिंग आयर्न ज्वारीच्या दाण्याएवढ्या ट्रान्झिस्टरवर टेकलं आणि तो जागच्या जागी मेला. सवयीने टेस्टर लावला, तर तो पेटेना. मग लक्षात आलं, की एवढ्याशा चौकोनी बॅटरीने टेस्टर पेटायचा नाही. एवढी बारीक वीज त्यांनी आयुष्यात कधी हाताळली नव्हती. पण चुका करत, नवा ट्रान्झिस्टर आणत, गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर वायरींचं जंजाळ मांडून त्यांनी मुलीला हाक मारली. तिने तार छेडली. स्पीकर गुरगुरला.

"मिक्सर बिघडला का?" बायकोने आतून विचारलं.

"नाही आई," मुलगी म्हणाली, "असाच हवा होता." ती हसत होती.

आता फक्त ते पेटीत बसवायचं राहिलं होतं. त्यात तर काकांचा हातखंडा. भिंतीत बसवतात तसली लोखंडी पेटी त्यांनी घेतली. उमेदवारीच्या काळात उस्तादांनी त्यांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, वायरी वेणी घातल्यासारख्या एकत्र बांधायच्या. दुसरी, प्रत्येक वायर वीतभर जास्त सोडायची, म्हणजे उद्या कोणी पेटी उघडली तर तो शिव्या देणार नाही. काकांनी सगळ्या वायरी लांब ठेवल्या, एकाशेजारी एक लावून दोऱ्याने आवळल्या. झाकण लावण्याआधी बायकोला मुद्दाम दाखवल्या.

शुक्रवारी मुलीने बटण दाबलं आणि पेटी किंचाळली. तार छेडा, न छेडा, एकच कर्कश शिट्टी. काकांनी झाकण उघडलं, वायरी सोडल्या, आणखी नीट बांधल्या. शिट्टी तशीच. पेटीला दोष देऊन सगळं बाहेर काढलं, तरी तीच.

"राहू दे बाबा," मुलगी म्हणाली. "मी बँडमधल्यांना कळवते." तिचा आवाज समजुतीचा होता. काकांना तोच सोसवेना. 'होईल' अगदी ओठांवर आला, पण तो उच्चारायची त्यांना लाज वाटली.

गिटार पिशवीत घालताना ती सहज म्हणाली, "काल पसारा होता तेव्हा किती छान वाजत होतं."

काका त्या बांधलेल्या वायरींकडे बघत राहिले. कालचीच बॅटरी, कालचाच ट्रान्झिस्टर. बदललं होतं ते एवढंच, की त्यांनी सगळं नीट केलं होतं.

"गिटार काढ परत," ते म्हणाले.

त्यांनी कात्रीने दोरे कापले. गिटारकडून आत येणारी वायर एका बाजूला ओढली, स्पीकरकडे बाहेर जाणारी दुसऱ्या बाजूला, आणि शिट्टी थांबली. जवळ आणल्या, की पुन्हा सुरू. घरातल्या वायरी शेजारी शेजारी निमूट पडून राहतात. इथे बाहेर जाणारा आवाज शेजारच्या वायरीतून परत आत शिरत होता. काकांनी जपून ठेवलेली वीतभर लांबी छाटून टाकली. उरलेल्या वायरी एक या कडेने, एक त्या कडेने, तिरक्या तिरक्या जोडल्या. उस्तादांनी पाहिलं असतं तर कानाखाली वाजवली असती. काकांनी झाकणाचे स्क्रू दाबून आवळले.

शनिवारी ते सभागृहात मागे उभे राहिले. शेवटच्या गाण्यात मुलीने पेटीवर पाय दिला. गाणं चांगलं झालं की वाईट, हे काकांना विचारू नये. ते फक्त शिट्टीची वाट बघत होते, आणि ती आली नाही. नंतर ड्रम वाजवणाऱ्याने पेटी उलटीपालटी करून विचारलं, "उघडून बघू का?"

"नको," काका घाईने म्हणाले.

"माझ्या बाबांनी केलंय," मुलगी म्हणाली.

रविवारी सकाळी काका चहा पीत बसले होते. मुलगी इस्त्री घेऊन आली आणि तिने ती त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, ही तापत नाहीये."

एवढं सांगून ती गेली नाही, तिथेच उभी राहिली. काकांच्या तोंडात शब्द तयार होता. तो त्यांनी चहाबरोबर गिळला आणि तिला स्क्रू-ड्रायव्हर आणायला सांगितलं.