एकाच आडनावाचा संसार

मलेशियातल्या मुआर गावी क्वेक आडनावाच्या चिनी लोकांच्या कुळसंघाला शंभर वर्षं होणार होती, आणि इतिहास लिहायचं जोखड बून सियांग मास्तरांच्या मानेवर आलं. निवृत्त माणूस रिकामाच असतो, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. तीन वर्षं मास्तर दारोदार हिंडले. जो तो आजोबांचा फोटो पुढे करी, "पानभर छापा हं!" आजोबांनी केलं काय, ते मात्र कुणाला सांगता येत नसे. मास्तरांचे गुडघे बोलायला लागले होते.

संघाच्या जुन्या नाटकमंडळीच्या प्रकरणाशी गाडी अडली. प्रत्येक फोटोत कडेला एक किडकिडीत ढोलवाला. नाव विचारलं की म्हातारे चहाच्या कपात बघत. नाव सगळ्यांना ठाऊक होतं. क्वेक तिओंग सुआन. त्यानं लग्न केलं ते क्वेक गेक चूशीच. एका आडनावाची म्हणजे भाऊबहीण, म्हणून संघानं दोघांना काढून टाकलं. त्यांनी संघाच्या दारासमोरच पेजेचं दुकान थाटलं. तो गेला, दुकान ती चालवते.

एका सकाळी मास्तर रस्ता ओलांडून गेले.

"वाट चुकलात की काय, मास्तर?"

"नाही वहिनी, तुमच्याकडेच आलो."

"वहिनी?" गेक चू हसली. "संघाच्या हिशेबानं मी तुमची बहीण. आधी काय ते ठरवा, मग पेज वाढते."

कितीतरी दिवसांनी मास्तर हसले. पेजेबरोबर खारं अंडं आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं आलं.

"तुमचं लिहू का पुस्तकात?"

"लिहा. पण बिचारी म्हणू नका. भांडत का होईना, झकास संसार केला आम्ही."

संघाच्या बैठकीत अध्यक्ष हाक मेंग मात्र उखडले. "शंभरीच्या पुस्तकात ही घाण कशाला, मास्तर?"

दोघांचे पूर्वज वेगळ्या गावांतले, रक्ताचं नातंच नव्हतं, असं सगळं मास्तर घोकून आले होते. पण ऐन वेळी अंगात त्राणच उरलं नाही. त्यांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "मग उरलेलं तुम्हीच लिहा. मी दमलो."

अध्यक्षांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग इतरांकडे. कुणी मान वर करेना.

"बरं बाबा. पण दोन-तीनच ओळी. आणि फोटो बारका."

ही जीत न्यायाची नव्हे, आळसाची, हे मास्तरांना कळत होतं. आनंद करायलाही जोर लागतो, तो नव्हता.

समारंभात बदकाचं जेवण झालं, भाषणं झाली. लोकांनी आपापले आजोबा शोधले नि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी मास्तर एक प्रत घेऊन समोर गेले. गेक चूला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच वाचलं, "नाटकमंडळीत क्वेक तिओंग सुआन ढोल वाजवत. क्वेक गेक चू यांच्याशी विवाह केल्यामुळे दोघांना संघातून काढण्यात आले. तसे करणे योग्य नव्हते."

"शेवटचं परत वाचा."

त्यांनी वाचलं.

"हे अध्यक्षांनी छापू दिलं?"

"त्यांनी वाचलंच नाही."

ती पळी पुसत राहिली. "आमचे हे जन्मभर संघाच्या त्या दाराकडे बघत पेज ढवळत होते. त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत कधी. आता मी एकटीनं ऐकून काय करू?"

तिनं वाडगा पुढे सारला. चार घास पोटात गेले आणि बसल्या जागीच डुलकी लागून मास्तरांची मान कलली. शेजारच्या टेबलावर हसणाऱ्या गिऱ्हाइकांना गेक चूनं हळू बोलायची खूण केली.