लोखंडी कपाटातला कॉम्प्युटर

कुठलीही वस्तू हातात आली की आबा आधी तिच्यावर बोटांनी ठकठक करून बघायचे. आवाज लोखंडाचा आला तर ठीक, नाहीतर "हे काय टिकतंय!" म्हणून निकाल. सळयांच्या कारखान्यात उभा जन्म गेलेल्या माणसाकडून तुम्ही तरी दुसरी काय अपेक्षा करणार? आता आबा नाहीत, म्हणून हे बिनधास्त लिहितोय.

जुन्या जालन्यात आम्ही शेजारी. माझं टायपिंगचं दुकान, म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरचा डॉक्टरही मीच. मुलगा कॅनडाला जाताना तो मागं ठेवून गेला होता. धूळ आणि उंदरांच्या भीतीनं आबांनी त्याचा डबा स्वतः वेल्डिंग करून बनवलेल्या जाड पत्र्याच्या कपाटात ठेवला आणि वर कुलूप ठोकलं. बाहेर फक्त स्क्रीन आणि वायरी. बँकेची तिजोरी झक मारेल असा बंदोबस्त.

कॅनडात जन्मलेली नात त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. रविवारी ती स्क्रीनवर यायची आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजायची. तिकडं आबांचंही तेच. इंटरनेट पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या. मी वायरलेसचं कार्ड बसवून दिलं, फरक शून्य. मग आबांनी औरंगाबादहून त्याहून वेगवान कार्ड मागवलं. तेही बसवलं. आबांनी कौतुकानं कुलूप लावलं आणि नात पुन्हा थिजली. मग टेलिफोनवाले चोर, दुकानदार चोर, सगळा कॅनडा चोर.

मी सांगून दमलो की आबा, हवेतला सिग्नल पत्र्याच्या आत नीट पोचत नाही, डबा बाहेर काढा.

"लोखंडानं आजवर कुनाचं वाईट केलं न्हाई," आबा म्हणाले. घ्या!

एका रविवारी स्क्रीनवर मुलगा एकटाच आला. पोरगी कंटाळते, आता बसायला तयार होत नाही, असं म्हणाला. आबा दिवसभर बंद स्क्रीनसमोर बसून राहिले. तेव्हा मात्र मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून गॅसकटर आणला, डबा तेवढा बाजूला ठेवला आणि कपाटाचं दार अन् दोन्ही बाजू कापून काढल्या. मग डबा परत त्या सांगाड्यात. तो बाहेरच राहू देणं म्हणजे माझं ऐकणं, ते कसं जमणार? कापताना मात्र त्यांचे डोळे भरून आले होते. आगीमुळं, म्हणाले.

पुढच्या रविवारी मुलानं पोरीला कसंबसं समोर बसवलं. ती बिस्किट खात होती, चक्क चावताना दिसत होती. आबांनी नुसता हात हलवला.

पोरीचं खाणं थांबलं. ती मागं वळून ओरडली, "बाबा, आबा खरे आहेत!"